मोबाईलमधलं गाणं : बंदी नको, रीत हवी

(शताब्दी सोहळ्यात दुपारच्या सत्रात केलेलं बोलणं. जसं बोललं गेलं, बहुतेक तसंच छापलं आहे.)



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. ह्या सोहळ्यात मोठमोठ्या महाराजांची कीर्तनं झाली, आपण पोट भरून ऐकली. मला कमिटीनं जो विषय दिला तो जरा निराळा आहे. पोरं मोबाईलवर गाण्याचे व्हिडिओ करतात आणि जगाला दाखवतात, त्याचं आपण काय करायचं? पुढच्या वारीपासून दिंडीत मोबाईलवर गाणं काढायला सरसकट बंदी घालावी, असा एक अर्ज कमिटीकडे आलेला आहे. सोहळा संपला की बैठक आहे, तिथं ठरायचं आहे. त्याच्या आधी माझं म्हणणं तुमच्यापुढे ठेवतो. मी चौथी शिकलेला माणूस. कापूस लावतो, दादर पेरतो, आणि पांडुरंग बोलवील तिथं कीर्तनाला उभा राहतो. मोबाईलच्या पोटात काय चालतं ते मला नातवानं समजावून दिलं. पण गाणं म्हणजे काय, ते मला थोडंफार कळतं. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

पहिल्यानं हे बघू की पोरं नेमकं करतात काय. आपण लांबून बघतो आणि म्हणतो, पोरगं बांधावर नाचतंय, कामधंदा नाही. मी जवळ जाऊन बघितलं. त्यात तीन प्रकार दिसले. पहिला प्रकार असा की गाणं दुसऱ्याचं, आवाज दुसऱ्याचा, पोरगं नुसतं ओठ हलवतं. दुसऱ्या प्रकारात चाल दुसऱ्याची आणि शब्द आपले. तिसऱ्या प्रकारात शब्द आपले, गळा आपला, बोली आपली. शेतीच्या भाषेत सांगायचं तर पहिला प्रकार उसनवारीचा, दुसरा बटाईचा, आणि तिसरा घरच्या रानातला. उसनवारी वाईट असं मी म्हणत नाही. आपणही पहिल्यांदा टाळ धरला तेव्हा पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकूनच शिकलो ना? पण जन्मभर उसनं खाऊन कोणी शेतकरी होत नाही. माझं आजचं सगळं बोलणं त्या तिसऱ्या प्रकारासाठी आहे.

काही जणांना वाटतं, हे वेड आत्ताचं आहे. तसं नाही, माउली. आपल्या धुळ्याहून पन्नासेक किलोमीटरवर मालेगाव आहे. यंत्रमागाचं गाव. तिथं शेख नासिर नावाच्या माणसाचं व्हिडिओ पार्लर होतं. त्याला वाटलं, आपण सिनेमा दाखवतो तर करून का बघू नये? घरगुती व्हिडिओ कॅमेरा घेतला, मागावर काम करणारी माणसं गोळा केली, शुक्रवारी माग बंद असतात ती सुट्टी साधली, आणि २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. क्रेन नव्हती, तर बैलगाडीचा दांडा वरखाली करून त्यावर कॅमेरेवाला बसवायचा. ट्रॉली नव्हती, तर सायकल. पुढं त्या मंडळींनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ केला. त्यात उडणारा सुपरमॅन झाला तो मागावरचा मजूर. ह्या लोकांवर फैजा अहमद खान या बाईंनी २००८ साली माहितीपट केला आणि तो परदेशातसुद्धा बघितला गेला. २०२५ च्या फेब्रुवारीत तर मुंबईवाल्यांनी त्यांच्यावर मोठा हिंदी सिनेमा थेटरात लावला. बघा, ज्यांनी मुंबईची नक्कल करायला सुरुवात केली, त्यांची गोष्ट शेवटी मुंबईनं सांगितली. असं का झालं? नक्कल करता करता त्यांनी आपली बोली आणि आपल्या गल्लीतला हसू-विनोद त्यात घातला. लोकांनी जीव लावला तो त्याला.

आपल्या गाण्याचंही तसंच झालं. आधी कॅसेट होती. मग सीडी आली. मग बाजारच्या दिवशी मोबाईलच्या दुकानात दहा-वीस रुपये देऊन मेमरी कार्ड भरून आणायचे. २०१६ साली नेट स्वस्त झालं आणि प्रत्येकाच्या खिशात थेटर आलं. तेव्हापासून अहिराणी गाण्यांना भरती आली. ‘हाई झुमका वाली पोर’ हे गाणं तुम्ही सगळ्यांनी लग्नात ऐकलं असेल. त्यावर तुम्ही नाचला की नाही, ते मी विचारत नाही! पण ते गाणं अहिराणी न समजणाऱ्या मुलखातही वाजलं. ज्या बोलीत बोललं तर शाळेत मास्तर ओरडायचे, ती बोली आता गुजरातच्या आणि उत्तरेच्या लग्नात वाजते. त्या गाण्याची भाषा कीर्तनाची नाही, हे खरंय. पण पोराला जर वाटलं की माझ्या मायची बोली चारचौघांत गाण्याजोगी आहे, तर ते वाटणं मला लहान वाटत नाही.

आता घरच्या रानातलं गाणं म्हणजे काय, ते बघू. त्यासाठी लांब जायला नको. जळगावजवळ आसोदे गाव आहे. तिथं १८८० साली बहिणाबाई जन्मल्या. लग्न होऊन जळगावच्या चौधऱ्यांकडे आल्या. तिशीत वैधव्य आलं. अक्षरओळख नव्हती. जात्यावर बसल्या की गायच्या, शेतात गेल्या की गायच्या, आणि गातागाताच नवीन गाणं व्हायचं. ते गाणं कोणाला दाखवायचं, कुठं छापायचं, असा विचार नाही. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ऐकता ऐकता काही गाणी उतरवून ठेवली. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

मंडळी, ह्यात दोन गोष्टी ध्यानात घ्या. उतरवून घेणारं कोणीतरी घरात होतं, म्हणून ती गाणी राहिली. त्या काळात अशा कितीतरी घरांत कितीतरी बाया जात्यावर गात होत्या. ज्या घरात वही नव्हती तिथलं गाणं पिठाबरोबर संपलं. ही पहिली गोष्ट. आणि दुसरी अशी की वहीत शब्द उतरतो, गळा उतरत नाही. कुठं सूर ओढायचा, कुठं दम घ्यायचा, कुठं हुंदका यायचा, ते कागदावर कसं लिहिणार?

पुण्याचे हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी हे ओळखलं. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी महाराष्ट्रात हजाराहून जास्त गावं फिरून बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर ओव्या झाल्या! पुष्कळशा बायांचे आवाजही टेपवर घेतले. २०१७ पासून त्या ओव्या मोबाईलवर ऐकायला मिळतात. जी गायली तिचं नाव, तिचं गाव, सगळं त्याच्याबरोबर लिहिलेलं असतं. कितीतरी ठिकाणी तर ती मंडळी परत त्याच गावात गेली आणि त्याच आजीला समोर बसवून व्हिडिओ घेतला. त्या कामाला माणसांच्या हयाती लागल्या. आज तेच काम तुमच्या घरातलं पोरगं ओट्यावर बसून अर्ध्या तासात करू शकतं. करतं का, तो प्रश्न आहे.

आता आपल्या दिंडीकडे वळू. शंभर वर्षांचं आपल्याजवळ काय आहे? जुना वीणा आहे. पताका आहेत. हिशेबाच्या दोन वह्या आहेत. एक काळापांढरा फोटो आहे, त्यातली निम्मी तोंडं कोणाची ते सांगणारं माणूस आता उरलं नाही. आवाज एकही नाही. आपले जुने विणेकरी बाबा काकड्याला एक चाल लावायचे. ज्यांनी ती ऐकली ते म्हातारे आता चार-पाच राहिलेत. त्या चौघांना मी एका रात्री बसवलं आणि म्हटलं, चाल काढा. चौघांनी चार तऱ्हेनं काढली आणि मग आपसात भांडले! पहिला चरण जमतो, पुढं ती कुठं वळायची ते कोणालाच पक्कं येत नाही. बाबांच्या शेवटच्या काळात गावात टेपरेकॉर्डर होते. पण बाबांचा आवाज भरून ठेवावा, असं कोणाच्या मनात आलं नाही. सिनेमाची गाणी मात्र भरपूर भरली.

म्हणून सांगतो, पोरांच्या हातातलं यंत्र काढून घ्यायच्या आधी, त्या यंत्रात काय ठेवायचं राहून गेलंय ते बघा.

पण अर्ज करणाऱ्यांचं म्हणणं खोटं आहे का? नाही. त्यांच्या तक्रारी मी नीट ऐकल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा मला पटतात.

पहिली तक्रार अशी की पोरं ओळ मोडतात. विणेकऱ्याच्या पुढं उलटं चालत शूटिंग करतात. टाळकऱ्याचं चित्त विचलित होतं. खरं आहे. भजनात माणूस हरवायला पाहिजे. कॅमेरा समोर आला की तो हरवत नाही, उलट सावध होतो, टोपी नीट करतो.

दुसरी तक्रार बायांची आहे, आणि ती सगळ्यात मोठी आहे. वाटेत नदीवर, टँकरजवळ माउल्या अंघोळीला, धुण्याला बसतात. झाडाखाली थकून निजतात. तिथं कोणाचा मोबाईल वर झाला, तर मग ते गाणं नाही आणि अभिव्यक्ती का काय म्हणतात तीही नाही. तो गुन्हा आहे. तिथं मी बंदीच्याही पुढं जाईन. अशा माणसाला दिंडीतून काढा आणि पोलिसांत द्या.

तिसरी तक्रार कापाकापीची. माझ्याच एका कीर्तनातलं पाऊण मिनिट कोणीतरी कापलं. मागचं काढलं, पुढचं काढलं, आणि खाली हसण्याचा आवाज जोडला. मी दारूविरुद्ध बोलत होतो, ऐकणाऱ्याला वाटावं की मी दारूची चव सांगतोय! कोणी केलं ते अजून कळलं नाही. पाहुण्यांचे फोन मात्र महिनाभर आले.

चौथी तक्रार नादाची. किती लोकांनी बघितलं, किती अंगठे मिळाले, ते पोरगं रात्री दोनदा उठून बघतं. कमी दिसले की जेवत नाही. ह्या पोरांना माझं एकच सांगणं आहे. कापसाचा भाव बाजार ठरवतो. घरात खायला ठेवलेल्या दादरचा भाव बाजाराला विचारून आपण भाकरी खातो का? तुझ्या आजीचं कानबाईचं गाणं तू काढलंस आणि चाळीस जणांनी बघितलं. ते चाळीस कोण? सुरतेला गेलेला काका, पुण्याची आत्या, नाशिकची मावशी. अरे, मग ज्यांनी बघायला पाहिजे त्या सगळ्यांनी बघितलं की!

ह्या चारही तक्रारी खऱ्या आहेत. तरी मी बंदीच्या बाजूचा नाही. का, तर एक घडलेली गोष्ट सांगतो.

आमच्या भागातली एक लेक. बारावीला होती. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे पोरी गुलाबाई मांडतात. ती गाणी तिला आजीकडून आलेली. त्याच चालीवर तिनं स्वतः एक गाणं रचलं. बोंडअळीनं कापूस गेला, बाप बोलत नाही, माय दिवा लावते आणि बाहेर बघत बसते, असं काहीतरी. आजीच्या ओट्यावर बसून गायली आणि मोबाईलवर टाकलं. पुष्कळांनी चांगलं म्हटलं. पण कोणीतरी दोघातिघांनी खाली घाण लिहिलं. ते बापाच्या कानावर गेलं. बापानं मोबाईल काढून घेतला. कॉलेज बंद करायची भाषा सुरू झाली. मला बोलावणं आलं.

मी म्हटलं, भाऊ, चोरी दुसऱ्यानं केली आणि कोंडतोस घरच्याला? ज्यानं घाण लिहिलं त्याला बंद करता येतं. खाली कोणी काही लिहूच नये अशी सोय त्या यंत्रातच आहे. फार झालं तर पोलिसांची सायबर शाखा आहे, तिथं तक्रार होते. पण तू पोरीचं गाणं ऐकलंस का? तो म्हणे, नाही, मी तो व्हिडिओ बघितलाच नाही, लोकांनी सांगितलं. मग आम्ही दोघांनी बसून ऐकलं. दोनदा ऐकलं. तो काही बोलला नाही. त्याच्याच घराचं गाणं होतं ते. घरात कोणी कोणाजवळ बोलत नव्हतं, ते पोरीनं गाऊन सांगितलं होतं. कॉलेज चालू राहिलं. मोबाईल महिन्यानं परत मिळाला. ती पोरगी आता पुन्हा गाते, पण तोंड दाखवत नाही. आजीचे हात दिसतात, दिवा दिसतो, आवाज तिचा असतो. मला अजून पूर्ण बरं वाटत नाही. पण गाते, एवढं आहे.

मंडळी, माणसाला जे समोरासमोर बोलता येत नाही ते गाण्यात बोलता येतं. म्हणून तर जात्यावर बाया सासरचं गाऱ्हाणं गात होत्या. जातं गेलं, पिठाची गिरणी आली, पण गाऱ्हाणं गेलं का? ते गायला आज त्या लेकीजवळ मोबाईल आहे. तो तुम्ही काढून घेतला, तर ती गाणार कुठं?

म्हणून मी म्हणतो, बंदी नको, रीत हवी. आपल्या दिंडीत प्रत्येक गोष्टीला रीत आहे. चालायची रीत, थांबायची रीत, चोपदारानं हात वर केला की गप्प व्हायची रीत. तशी ह्यालाही घालून देऊ. मी पाच रिती सुचवतो.

एक. वाटचालीच्या ओळीत, काकड्यात, हरिपाठात आणि कीर्तन चालू असताना कोणी मोबाईल वर करायचा नाही. मुक्कामाला पोचल्यावर, चहापाणी झाल्यावर, तासभर मोकळा ठेवू. त्या वेळात ज्याला गायचं त्यानं गावं, ज्याला काढायचं त्यानं काढावं.

दोन. विचारल्याशिवाय कोणाचं तोंड घ्यायचं नाही. आजीला आधी सांगायचं की माय, हे गाणं लांबच्या लोकांना दिसेल, टाकू का? ती नाही म्हणाली तर घरापुरतं ठेवायचं. आणि टाकल्यावर ती म्हणाली, नको रे बाबा, तर काढून टाकायचं.

तीन. नाव घालायचं. ही रीत मला सगळ्यात मोठी वाटते. आपल्या अभंगात शेवटच्या चरणात नाव येतं. तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे. ती नाममुद्रा आहे म्हणून शेकडो वर्षांनंतरही कोणाचा अभंग कोणाचा ते कळतं. तसं व्हिडिओच्या सुरुवातीला तोंडानं बोला. गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख. गाणं कोणाकडून शिकलं त्याचं नाव. कोणी रचलं ते माहीत असेल तर त्याचं नाव.

नाव नसलं म्हणजे काय होतं? बंगालात वीरभूम जिल्ह्यात भुबन बाद्यकर नावाचा माणूस शेंगदाणे विकायचा. गिऱ्हाईक बोलवायला त्यानं स्वतः गाणं रचलं होतं, ‘काचा बादाम’. कोणीतरी ते मोबाईलवर काढलं, आणि २०२१-२२ साली सगळं जग त्यावर नाचलं. आपल्या गावातही पोरं नाचली, पण रचणारा कोण ते किती जणांनी विचारलं? पुढं बातम्यांत आलं की हक्काचे कागद दुसऱ्याच्या हातात गेले आणि त्याला स्वतःचंच गाणं टाकायला अडचण येऊ लागली. म्हणून पोरांनो, गाण्यासाठी कोणी कागद पुढं केला तर वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. शेतीच्या सातबाऱ्यावर सही करताना दहा वेळा विचारता ना? गाण्यालाही सातबारा असतो. १९५७ चा कायदा आहे. गाणं रचणारा गेल्यावरही साठ वर्षं त्याचा आणि त्याच्या वारसांचा हक्क राहतो.

हे उलट बाजूनंही लक्षात ठेवा. संतांचे अभंग सगळ्यांचे आहेत, ते कोणीही गावे. पण एखाद्या गवयाची भरलेली कॅसेट, तिच्यातला आवाज तसाच उचलून तुम्ही आपल्या व्हिडिओला लावला, तर तो आवाज दुसऱ्याच्या मालकीचा असतो. ते यंत्र सूर ओळखतं आणि तुमच्या व्हिडिओचा आवाज बंद करतं, नाहीतर त्याचे पैसे मालकाकडे वळवतं. पोरं मग रडतात. त्याला उपाय साधा आहे. स्वतः गा. आपल्या गळ्यावर कोणाची मालकी नाही.

चार. कापाकापी करायची नाही. गाणं असो की कीर्तन, तुकडा टाकायचाच असेल तर एक अख्खा अभंग, एक अख्खा दृष्टांत टाका. वाक्याचं डोकं एकीकडे आणि धड एकीकडे करू नका.

पाच. एक प्रत घरी ठेवायची. २०२० च्या जून महिन्यात, २९ तारखेला, सरकारनं टिकटॉक बंद केलं. त्यावर आपल्या खेड्यापाड्यातल्या पोरापोरींचे किती व्हिडिओ होते! रात्रीतून दार बंद झालं. ज्यांनी आपल्याजवळ प्रत ठेवली नव्हती त्यांचं सगळं गेलं. लगेच दुसरी दुकानं उघडली, रील म्हणतात ते त्याच्या पुढच्याच महिन्यात आपल्याकडे आलं, पण जुनं काही परत मिळालं नाही. आपण सगळं धान्य व्यापाऱ्याच्या गोदामात ठेवतो का? बियाणं तरी घरच्या कणगीत ठेवतोच ना? तसं गाणं पेन ड्राइव्हमध्ये भरा, त्यावर चिठ्ठी लावा, आणि पेटीत ठेवा. दोन ठिकाणी ठेवलं तर आणखी बरं.

आता काढायचं कसं, तेही नातवानं सांगितलेलं सांगतो, कारण पुष्कळ चांगली गाणी नुसत्या घाईनं वाया जातात. पंखा बंद करा. कुत्रं, कोंबडी, कुकर यांची वेळ टाळा. मोबाईल विमानात बसल्यावर ठेवतात तसा ठेवा, म्हणजे मधेच फोन येत नाही. हातात धरू नका, विटेला टेकवा, म्हणजे हलत नाही. बरीच माणसं असतील तर आडवा धरा. गाणारा दोन-तीन हातांवर आणि पखवाज चांगला मागं, नाहीतर थापेनं आवाज फाटतो. खोलीत घुमत असेल तर दोन गोधड्या टांगा. वारा असेल तर मोबाईलच्या आवाजाच्या भोकावर पातळ सुती फडकं धरा. आणि तोंडावर उजेड येईल असं बसवा, दाराकडे पाठ करून नाही. एवढं केलं की झालं. स्टुडिओ लागत नाही.

शेवटची गोष्ट. नुसत्या रिती घालून दिंडीचं काम संपत नाही. माझी विनंती अशी की ह्या शताब्दी वर्षात आपण प्रत्येक गावातल्या म्हाताऱ्या माणसांना गायला बसवू. आखाजीची झोक्यावरची गाणी, कानबाईची, गुलाबाईची, वहीगायनाची, आणि आपल्या काकड्याच्या चाली. अहिराणी असो, लेवा बोली असो, जी ज्याच्या तोंडची असेल ती. हे काम पोरांकडे द्या. ज्यांच्यावर बंदी घालायला निघालो त्यांनाच सांगा, बाबांनो, हे तुमच्याकडे. बघा मग ती बांधावर नाचतात की आजीपुढं मांडी घालून बसतात.

मी दोन म्हाताऱ्यांपासून सुरुवात केली आहे. एका आजीला तिचाच व्हिडिओ दाखवला. तिनं मोबाईल कानाला लावला, मग डोळ्यापुढं धरला, आणि हसून म्हणाली, “आते मी मरनू तरी गात ऱ्हासू!” तिला अंगठे माहीत नाहीत, तिला जग माहीत नाही. पण आपला आवाज आपल्यामागं राहील, हे तिला कळलं आणि बरं वाटलं.

काकड्याची ती हरवलेली चाल मात्र आता मिळायची नाही. चार म्हाताऱ्यांनी काढलेल्या चार चाली मी भरून ठेवल्या आहेत, भांडणासकट. कोणाला पुढं त्यातून काही लागली तर लागो.

बैठकीत तुम्ही काय ठरवायचं ते ठरवा. दिंडीचा निर्णय मी मानीन. माझं म्हणणं एवढंच होतं.

रामकृष्ण हरी!